इंग्रजीत स्वतःची ओळख आणि कामाबद्दल बोलणं: तयारी दुसऱ्या प्रश्नाची

नाव, गाव, शिक्षण, घरची माणसं, छंद. ओळखीची ही पाच वाक्यं बऱ्याच जणांना पाठ असतात आणि ती एका दमात म्हणूनही होतात. मग समोरचा सहज विचारतो, "वॉट डज युवर कंपनी मेक?" आणि बोलणं तिथेच अडतं, कारण पाठ केलेल्यात हे नव्हतं. "मला इंग्रजी बोलता येत नाही" असं वाटतं ते या क्षणी. पहिलं वाक्य सगळ्यांनाच येतं, अडतं ते दुसऱ्या प्रश्नाला. म्हणून इथला सगळा सराव त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं 2000 साली. त्याआधी मराठी माध्यमात शिकलेल्या बहुतेकांची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. या मंडळींना वाचता येतं, पाटी आणि फॉर्म समजतो, पण तोंडातून वाक्य निघत नाही. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. भाषा मोजण्याची जी युरोपीय पट्टी जगभर वापरतात, तिची पहिली पायरी म्हणजे ए-वन. स्वतःची आणि दुसऱ्याची ओळख करून देणं, कुठे राहता, कोणाला ओळखता, असे साधे प्रश्न विचारणं आणि त्यांची उत्तरं देणं, हे त्या पायरीवर येतं. रोज 20 मिनिटं याप्रमाणे 14 दिवस नेमाने केले, तर पायरीचा हा भाग हाती येतो. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोजची 20 मिनिटं बरी. बोलणं ही जिभेची सवय आहे आणि सवय रोजच्या रोज लागते.

सामान फार नाही. 100 पानी वही, रेकॉर्डर असलेला फोन आणि 20 कार्डं. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापली की उत्तम कार्डं होतात, जाड असल्यामुळे पिसताही येतात. इथे इंग्रजी वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. वहीत मात्र ती इंग्रजी स्पेलिंगमध्येच लिहा, नाहीतर वाचताना डोळा आणि कान वेगवेगळ्या वाटेने जातात.

दिवस 1 आणि 2: आपली सहा वाक्यं

दुसऱ्याची वाक्यं पाठ करू नका. आपल्या आयुष्यात खरी असलेली सहा वाक्यं लिहा: नाव, गाव, काम, कामाची जागा, हाताने नेमकं काय करता, आणि कधीपासून. एक नमुना पाहा. सविता शिवणकाम करते, मूळची बार्शीची, आता पुण्यात असते.

"हॅलो, आय ॲम सविता."
"आय ॲम फ्रॉम बार्शी, बट आय लिव्ह इन पुणे नाउ."
"आय ॲम अ टेलर."
"आय वर्क ॲट अ स्मॉल शॉप इन हडपसर."
"आय मेक ब्लाउजेस अँड स्कूल युनिफॉर्म्स."
"आय स्टार्टेड इन 2019."

सगळ्यात मोलाचं वाक्य पाचवं. "टेलर" म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. "ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते" म्हटल्यावर राहतं, आणि त्यातूनच पुढचा प्रश्न येतो. या वाक्यासाठी दहा-बारा क्रियापदं पुरतात: मेक (बनवणं), रिपेअर (दुरुस्त करणं), ड्राइव्ह, सेल (विकणं), टीच, क्लीन, चेक, डिलिव्हर, कुक, ग्रो (पिकवणं), लुक आफ्टर (सांभाळणं, काळजी घेणं), कीप अकाउंट्स (हिशेब ठेवणं). यातलं आपलं एक निवडा आणि त्याच्यापुढे वस्तूचं किंवा माणसाचं नाव जोडा. "आय रिपेअर टू-व्हीलर्स." "आय ग्रो अनियन्स अँड सोयाबीन." "आय लुक आफ्टर ओल्ड पीपल."

सहावं वाक्य मुद्दाम सोपं ठेवलं आहे. "गेली पाच वर्षं" याचं शब्दशः "फ्रॉम लास्ट फाइव्ह इयर्स" केलं जातं आणि ते चुकतं. बरोबर रूप "आय हॅव वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स" हे आहे, पण सुरुवातीला ते जड जातं. "आय स्टार्टेड इन" आणि पुढे साल, एवढ्याने काम होतं. कोणी "हाउ लाँग?" विचारलं तर "फॉर फाइव्ह इयर्स" हे तीन शब्द पूर्ण उत्तर आहेत.

नावाबद्दल दोन गोष्टी. "मायसेल्फ सविता" म्हणू नका. मराठीत "मी सविता" एवढं म्हटलं तरी चालतं, क्रियापद लागत नाही. म्हणून इंग्रजीतही एक शब्द आणि नाव एवढं पुरेल असं वाटतं. इंग्रजीला मधे "ॲम" किंवा "इज" लागतंच: "आय ॲम सविता" किंवा "माय नेम इज सविता". आणि समोरच्याला "वॉट इज युवर गुड नेम?" विचारू नका. ते शुभनामाचं भाषांतर आहे, भारताबाहेर बऱ्याच जणांना कळत नाही. "मे आय नो युवर नेम, प्लीज?" यात तेवढाच आदर आहे.

"आहे"ने होणारा घोळ

मराठी माणसाच्या ओळखीच्या इंग्रजीतल्या बहुतेक चुका एका "आहे"भोवती फिरतात. या नीट समजून घेतल्या तर व्याकरणाचं अर्धं पुस्तक बाजूला ठेवता येतं.

पहिली चूक: "आय ॲम वर्क इन बँक." शाळेत "मी म्हणजे आय ॲम" असं डोक्यात बसतं, मग प्रत्येक वाक्य "आय ॲम"नेच सुरू होतं. मराठीत तपासून पाहा. "मी नर्स आहे" यात "आहे" आहे, म्हणून "आय ॲम अ नर्स". "मी बँकेत काम करतो" यात "आहे" नाही, म्हणून "ॲम"ही नाही: "आय वर्क ॲट अ बँक".

दुसरी चूक: "आय ॲम वर्किंग" आणि "आय वर्क" यांची सरमिसळ. इथे मराठीच मदतीला येते. "करतो" म्हणजे "आय वर्क", "करतोय" म्हणजे "आय ॲम वर्किंग". कायमची नोकरी सांगताना आपण "बँकेत काम करतो" म्हणतो, मग इंग्रजीतही साधं रूप. "आय ॲम वर्किंग" तेव्हा, जेव्हा काम आत्ता चालू आहे किंवा तात्पुरतं आहे. प्रश्नांतही हाच फरक. "वॉट डू यू डू?" म्हणजे "तुम्ही काय करता?", अर्थात नोकरीधंदा काय. "वॉट आर यू डुइंग?" म्हणजे "तुम्ही आत्ता काय करताय?" पहिल्याला "आय ॲम स्टँडिंग हिअर" असं उत्तर गेलं की समोरचा गोंधळतो.

तिसरी: "मला दोन मुलं आहेत". मराठीत नात्याला आणि वस्तूला "आहे" लागतं, इंग्रजीत "हॅव": "आय हॅव टू चिल्ड्रन." "आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन" नको.

चौथी चूक आदरापोटी होते. "माझे बाबा शिक्षक आहेत" हे डोक्यात असल्यामुळे "माय फादर आर टीचर" असं निघतं. आदरार्थी अनेकवचन इंग्रजीत नाही. बाबा, आजी, साहेब, एकटं माणूस असेल तर "इज"च: "माय फादर इज अ टीचर." "ही" किंवा "शी" म्हटल्याने त्यांचा अपमान होत नाही. तू, तुम्ही आणि आपण या तिघांनाही "यू" हा एकच शब्द, आणि "आहे"साठी त्याच्यामागे नेहमी "आर".

पाचवी चूक सगळ्यात छोटी आणि सगळ्यात चिवट: व्यवसायाआधीचा "अ" किंवा "ॲन". मराठीत असा शब्दच नाही, म्हणून कानाला त्याची उणीव जाणवत नाही. "आय ॲम टीचर" चुकीचं, "आय ॲम अ टीचर" बरोबर. शब्दाचा पहिला आवाज स्वराचा असेल तर "ॲन": ॲन इलेक्ट्रिशियन, ॲन अकाउंटंट, ॲन इंजिनिअर. इथे अक्षर नाही, आवाज मोजायचा. एसटी आणि एलआयसी यांचा उच्चार "ए"ने सुरू होतो, म्हणून "ॲन एसटी ड्रायव्हर", "ॲन एलआयसी एजंट". उपाय एकच: वहीत व्यवसायाचा शब्द कधीही एकटा लिहू नका. "टेलर" नाही, "अ टेलर" लिहा. दोन शब्द एकाच दमात म्हणा, जणू एकच शब्द आहे.

जागा सांगताना मराठीतल्या "त" प्रत्ययासाठी इंग्रजीत वेगवेगळे शब्द येतात. सुरुवातीला एवढंच धरा: गाव, शहर, जिल्हा, देश यांच्याआधी "इन", दुकान, शाळा, कारखाना, हॉस्पिटल यांच्याआधी "ॲट". "इन अ बँक" म्हटलं तरी चूक नाही, पण एक नियम धरला की अडखळणं थांबतं. शेताला मात्र "ऑन" लागतं: "आय वर्क ऑन अ फार्म."

आपल्याकडचे शब्द, बाहेरचे शब्द

मराठीत रुळलेले काही इंग्रजी शब्द बाहेर वेगळ्या अर्थाने जातात. "सर्व्हिस करतो" म्हणजे आपल्याकडे नोकरी करतो. बाहेरच्या माणसाला "आय डू सर्व्हिस" ऐकून गाडीची सर्व्हिसिंग आठवेल. "आय डू जॉब" हेही "नोकरी करतो"चं भाषांतर. "आय वर्क" किंवा "आय हॅव अ जॉब" म्हणा. "आय पास्ड आउट इन 2015" याचा अर्थ बाहेर "मी 2015 साली बेशुद्ध पडलो" असा घेतील. "आय फिनिश्ड कॉलेज इन 2015" म्हणा. प्यूनला "ऑफिस असिस्टंट", वॉचमनला "सिक्युरिटी गार्ड". गवंड्याला "मेसन", सुताराला "कारपेंटर", हमालाला "पोर्टर".

काही कामांना इंग्रजीत नेमका शब्दच नाही. तिथे शब्द शोधत बसू नका, काम सांगा. अंगणवाडी सेविका: "आय रन अ व्हिलेज सेंटर फॉर स्मॉल चिल्ड्रन. आय टीच देम अँड गिव्ह देम मील्स." आशा सेविका: "आय ॲम अ कम्युनिटी हेल्थ वर्कर. आय व्हिजिट होम्स अँड हेल्प मदर्स अँड बेबीज." डबे देणारी: "आय कुक मील्स ॲट होम अँड सेल देम टू ऑफिस वर्कर्स." एसटीचा चालक महाराष्ट्राबाहेर बोलताना म्हणेल, "आय ड्राइव्ह अ स्टेट ट्रान्सपोर्ट बस."

घर सांभाळणाऱ्या बायका या वाक्यापाशी हमखास थबकतात आणि "आय ॲम ओन्ली हाउसवाइफ" म्हणतात. तो "ओन्ली" काढून टाका. "आय ॲम अ होममेकर. आय लुक आफ्टर माय फॅमिली" हे पूर्ण उत्तर आहे. त्यात काही कमी नाही. नोकरी शोधत असाल तर "आय ॲम लुकिंग फॉर अ जॉब", निवृत्त असाल तर "आय ॲम रिटायर्ड. आय वर्क्ड ॲट अ स्कूल फॉर 32 इयर्स."

दिवस 3 आणि 4: कान आणि ओठ

परदेशी उच्चाराची नक्कल करायची गरज नाही. समोरच्याला पहिल्याच वेळी कळलं पाहिजे, एवढंच. मराठी लिपीत "ॲ" आणि "ऑ" आहेत, त्यामुळे "बॅंक" आणि "ऑफिस" आपल्याला सहज येतात. त्रास होतो तो दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण म्हणजे "व". इंग्रजीत त्याचे दोन आवाज आहेत. "व्हॅन", "व्हिलेज", "ड्रायव्हर" म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. "वर्क", "वॉटर", "वॉट" म्हणताना दात कुठेच लागत नाहीत, ओठ शिट्टी मारल्यासारखे गोल होतात. प्रश्नार्थक "वॉट" आपण "व्हॉट" असा लिहितो, म्हणून दात टेकवून म्हणतो, ते सोडा. आरशासमोर "आय वर्क इन अ व्हिलेज" दहा वेळा म्हणा. "वर्क"ला ओठ गोल झाले पाहिजेत आणि "व्हिलेज"ला दात दिसले पाहिजेत.

दुसरं म्हणजे जोर. मराठीत शब्दातली अक्षरं साधारण सारख्या वजनाने येतात, इंग्रजीत एकाच भागावर भार पडतो. तो चुकीच्या जागी पडला तर ओळखीचा शब्दही ऐकणाऱ्याला कळत नाही. इंजिनिअरमध्ये भार शेवटच्या "निअर"वर, मेकॅनिकमध्ये "कॅ"वर, इलेक्ट्रिशियनमध्ये "ट्रि"वर, अकाउंटंटमध्ये "काउं"वर, फोटोग्राफरमध्ये "टॉ"वर. मॅनेजर आणि सुपरवायझर मात्र पहिल्याच भागावर. आपल्या व्यवसायाचा शब्द वहीत लिहा, भाराच्या भागाखाली रेघ मारा आणि तो भाग म्हणताना टेबलावर एक टिचकी मारा.

आता सहा वाक्यं रेकॉर्ड करा. 30 सेकंदांच्या आसपास भरली पाहिजेत. 15 सेकंदांत संपली तर घाई होते आहे. ऐकताना एका वेळी एकच गोष्ट शोधा: पहिल्यांदा "अ" राहिला का, दुसऱ्यांदा "ॲम" जादा आला का, तिसऱ्यांदा कुठे अडखळलात. चुकीमागे वहीत एक उभी रेघ. दुसऱ्या दिवशी रेघा कमी होतात का ते पाहा. फोनच्या कीबोर्डवर बोलून टाइप करायची सोय असते. भाषा इंग्रजी, भारत अशी निवडून तिथे वाक्य बोला. फोनने भलताच शब्द लिहिला तर तो उच्चार पुन्हा पाहा. फोन अंदाजाने चुका दुरुस्तही करतो, त्यामुळे वाक्य बरोबर उमटलं म्हणजे व्याकरण बरोबर, असं समजू नका.

दिवस 5 ते 8: कार्डं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून याला चार दिवस. प्रत्येक कार्डावर एक प्रश्न लिहा.

गावाबद्दल: "वेअर आर यू फ्रॉम?", "वेअर इज दॅट?", "इज इट फार?", "हू डू यू लिव्ह विथ?"

कामाबद्दल: "वॉट डू यू डू?", "वेअर डू यू वर्क?", "वॉट डज युवर कंपनी मेक?", "वॉट टाइम डू यू स्टार्ट?", "हाउ डू यू गो टू वर्क?", "हू डू यू वर्क विथ?", "वॉट डिड यू डू बिफोर?", "डू यू लाइक युवर जॉब?", "वॉट इज डिफिकल्ट अबाउट इट?"

घराबद्दल: "डू यू हॅव चिल्ड्रन?", "वॉट डू दे डू?", "वॉट डज युवर ब्रदर डू?"

उरलेल्या चार कार्डांवर तुमच्या कामात हटकून येणारे प्रश्न लिहा. टेलर असाल तर "हाउ मेनी डेज डज इट टेक?", ड्रायव्हर असाल तर "वॉट रूट डू यू ड्राइव्ह?"

कार्डं पिसा, पालथी ठेवा, एक उचला, मोठ्याने वाचा. तीन सेकंदांच्या आत बोलायला सुरुवात झाली पाहिजे. उत्तराचे तीन तुकडे: उत्तर, त्यात एक भर, आणि परतीचा प्रश्न.

"वॉट डू यू डू?"
"आय ॲम अ वेल्डर. आय मेक गेट्स अँड विंडो ग्रिल्स. वॉट अबाउट यू?"

नुसतं "आय ॲम अ वेल्डर" म्हणून थांबलं की संवाद मरतो आणि पुढचं ओझं समोरच्यावर पडतं. भर म्हणून एकच वाक्य पुरे. परतीचा प्रश्न तर आणखी कामाचा: समोरचा बोलू लागला की तुम्हाला श्वास घ्यायला आणि पुढचा विचार करायला वेळ मिळतो. गावाच्या प्रश्नाला तयारी लागते, कारण बार्शी कुठे आहे ते दिल्लीच्या माणसाला माहीत नसतं. "इट इज इन सोलापूर डिस्ट्रिक्ट. इट इज अबाउट फाइव्ह अवर्स फ्रॉम पुणे बाय बस." आपल्या गावासाठी असंच वाक्य बनवून ठेवा, जवळचं मोठं शहर आणि प्रवासाचा वेळ धरून.

"डू"ने सुरू झालेल्या प्रश्नाला "डू"नेच उत्तर, "आर"ने सुरू झालेल्याला "ॲम"ने. "डू यू वर्क ॲट नाइट?" याला "येस, आय डू", "येस, आय ॲम" नाही. "आर यू मॅरीड?" याला "येस, आय ॲम." प्रश्नाचा पहिला शब्द कानात धरून ठेवणं एवढीच युक्ती.

दर दिवशी 20 कार्डांचे दोन फेरे. अडलेलं कार्ड बाजूला न टाकता गठ्ठ्यात पाच कार्डांखाली घाला, म्हणजे ते लगेच परत येतं. आठव्या दिवशी 20 पैकी 16 कार्डांना तीन सेकंदांत तोंड उघडलं तर पुढे जा. नसेल तर आणखी दोन दिवस इथेच थांबा, घाई करू नका.

दिवस 9 आणि 10: दुसऱ्याची ओळख

इथे मराठी जशीच्या तशी चालते. "ही माझी बहीण" म्हणजे "धिस इज माय सिस्टर". "शी इज माय सिस्टर" ओळख करून देताना म्हणत नाहीत, ते नंतर, कोणी "ती कोण?" विचारल्यावर. चुलत, मावस, आते, मामे, सगळी भावंडं नुसती "कझिन". "कझिन ब्रदर" लागत नाही. जाऊ आणि नणंद दोघी "सिस्टर-इन-लॉ". मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्या "आंट". मराठीतली ही बारकाई इंग्रजीत मावत नाही, तिथे अडून बसू नका.

ओळख झाली की तिच्या किंवा त्याच्या कामाचं वाक्य. आता क्रियापदाला "स" लागतो आणि तोच गळतो. "आय वर्क", पण "शी वर्क्स". "आय टीच", पण "ही टीचेस". मराठीत "मी करतो, ती करते" असं रूप बदलतंच, तसंच हे. घरातल्या पाच माणसांची प्रत्येकी तीन वाक्यं मोठ्याने बोला: "धिस इज माय ब्रदर. ही इज ॲन इलेक्ट्रिशियन. ही वर्क्स ॲट अ हॉस्पिटल." बोलताना "स" आला की बोट दुमडा. पंधरा वाक्यांत पाच बोटं दुमडली पाहिजेत, कारण "वर्क्स"सारखं क्रियापद माणसामागे एकदाच आलं आहे.

मोठ्या माणसाला "पाटील सर" म्हणायची आपली पद्धत ऑफिसात चालते, पण इंग्रजीत ओळख करून देताना "मिस्टर पाटील". "मिस्टर"च्या पुढे आडनाव येतं, "मिस्टर रमेश" असं पहिलं नाव नाही. आणि स्वतःच्या नावाला "मिस्टर" लावू नका.

दिवस 11 आणि 12: जोडीदार

जोडीदाराचं इंग्रजी तुमच्याइतकंच कच्चं असलं तरी चालतं. एकाने मनात एक काम धरायचं, दुसऱ्याने दहा प्रश्नांत ओळखायचं. उत्तर फक्त "येस, आय डू" किंवा "नो, आय डोन्ट".

"डू यू वर्क आउटसाइड?"
"येस, आय डू."
"डू यू वेअर अ युनिफॉर्म?"
"येस, आय डू."
"डू यू वर्क अलोन?"
"नो, आय डोन्ट."
"डू यू टेक मनी फ्रॉम पीपल?"
"येस, आय डू."
"आर यू अ बस कंडक्टर?"
"येस, आय ॲम!"

शेवटच्या प्रश्नाला उत्तर बदललं ते पाहा: "आर"ला "ॲम". या खेळात "डू" आणि "आर" यांचा फरक न शिकवता बसतो. एका बैठकीत आठ कामं करा. डॉक्टर, टीचर यांच्याऐवजी आजूबाजूची खरी कामं घ्या: भाजीवाली, रिक्षाचालक, पोस्टमन, वीजमीटर वाचणारा.

काय विचारू नये हेही इथेच ठरवा. आपल्याकडे पहिल्या भेटीत पगार, वय, लग्न झालं का, हे मायेनेही विचारलं जातं. इंग्रजीत अनोळखी माणसाशी बोलताना, विशेषतः परदेशी माणसाशी, हे तीनही प्रश्न टाळा. काम, गाव आणि प्रवास हे कायम सुरक्षित विषय.

दिवस 13 आणि 14: फोन

फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून नाव आणि आकडे यांचा वेगळा सराव लागतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असतं, पण बोलताना आधी स्वतःचं नाव, शेवटी आडनाव. "लास्ट नेम" म्हणजे आडनाव. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव "मिडल नेम"मध्ये.

स्पेलिंग सांगताना बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही सगळी अक्षरं "ई"वर संपतात आणि फोनवर एकसारखी ऐकू येतात. एम आणि एन, एफ आणि एस यांचंही तेच. प्रत्येकासाठी एक शब्द ठरवून ठेवा: बी फॉर बॉल, डी फॉर डॉग, पी फॉर पेन, टी फॉर टेबल, एम फॉर मँगो, एन फॉर नेट. वाघमारे किंवा वैशाली असं नाव असेल तर व्ही की डब्ल्यू हे न विचारताच सांगा.

आकड्यांत मराठी आणि इंग्रजी उलट चालतात. "त्रेचाळीस"मध्ये तीन आधी, "फॉर्टी-थ्री"मध्ये चाळीस आधी. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 2019 साली "वीस तीन" अशी वाचनपद्धत आली आणि केवढा वाद झाला होता, तो याच उलटसुलटीवरून. इंग्रजी आकडा ऐकताना मनात मराठीत फिरवू नका, ऐकताक्षणी कागदावर लिहा. 13 आणि 30 यांत फरक भाराचा: "थर्टीन"मध्ये शेवटावर, "थर्टी"मध्ये सुरुवातीवर. मोबाइल नंबर पाच-पाच आकड्यांच्या दोन गटांत सांगा, मधे पूर्ण श्वास घ्या, आणि समोरच्याला परत म्हणायला सांगा: "कुड यू रिपीट इट, प्लीज?"

या दोन दिवसांत जोडीदाराला खोलीबाहेर पाठवा आणि खरोखर फोन लावा. समोर बसून बोलणं आणि फोनवर बोलणं यांत किती फरक पडतो ते लगेच कळेल. अडल्यावर वापरायची चार वाक्यं आधीच तोंडात हवीत: "सॉरी, कुड यू से दॅट अगेन?", "कुड यू स्पीक स्लोली, प्लीज?", "वॉट डज दॅट मीन?" आणि "वन मोमेंट, प्लीज." ही म्हणणं म्हणजे हार मानणं नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही दिवसातून कितीदा तरी "से दॅट अगेन" म्हणतात. गप्प बसलं की समोरच्याला वाटतं फोन कटला.

निरोप घेताना एक खास मराठी चूक होते. आपण जाताना "येते हं" म्हणतो, "जाते" म्हणत नाही, आणि मग इंग्रजीतही "ओके, आय कम" निघतं. ऐकणारा वाट पाहत राहतो. पहिल्या भेटीच्या सुरुवातीला "नाइस टू मीट यू", आणि निघताना "इट वॉज नाइस मीटिंग यू. बाय."